मोबाईल द्या, टब घ्या: बाबांचा जुना फोन कुठे गेला?



आज स्टुडिओ नाहीये, घरूनच रेकॉर्ड करतेय. आणि आमचं घर म्हणजे घोरावाडी स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे मध्येच धडधडाट ऐकू आला तर घाबरू नका, डेक्कन क्वीन वगैरे काहीतरी जात असेल. ती आमच्याकडे थांबत नाही. कोणतीच एक्स्प्रेस थांबत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: पुणे-लोणावळा लोकलमध्ये बसायचं, देहूरोड जातं, बेगडेवाडी जातं, मग घोरावाडी, आणि पुढे तळेगाव. बरेच जण घोरावाडी आलं की उठून दाराशी जातात, कारण त्यांना तळेगावला उतरायचं असतं. आमचं स्टेशन म्हणजे लोकांसाठी उठून उभं राहायची वेळ.

तर आजचा विषय. जुन्या मोबाईलचं काय करायचं?

मला माहितीये, तुम्ही म्हणाल, हा काय विषय झाला? पण आत्ता ऐकता ऐकता एक काम करा. घरातला तो एक ड्रॉवर आठवा. प्रत्येक घरात असतो. त्यात गुंतलेले इअरफोन, संपलेले सेल, कुठल्या तरी लग्नाची पत्रिका, आणि खाली दोन-तीन मेलेले मोबाईल. आमच्या घरी चार होते. मग तीन उरले. चौथा कसा गेला, त्याचीच ही गोष्ट आहे.

मागच्या पावसाळ्यातली. मी चिंचवडला ऑफिसात होते. संध्याकाळी घरी आले तर मोरीत नवा कोरा निळा टब. मी विचारलं, आई, हा कुठून आणला?

आई म्हणाली, "अगं, तो गाडीवरचा आला होता ना. बाबांचा बंद मोबाईल दिला त्याला. वर दोन चमचे पण दिले."

तुमच्याकडेही येत असतील हे लोक. मोटारसायकलला मागे टब, घमेली, बादल्या, डबे बांधलेले आणि पुढे स्पीकर. रेकॉर्ड केलेला आवाज लागलेला असतो: जुने मोबाईल, बंद पडलेले मोबाईल, फुटलेले मोबाईल द्या, टब घेऊन जा. आधी जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणी यायच्या, तसंच हे. फक्त आता कपड्यांऐवजी मोबाईल.

मी विचारलं, "फॉरमॅट केला होता का?"

आई म्हणाली, "अगं, बंदच होता तो! डिस्प्ले गेलेला. त्यात काय फॉरमॅट करायचं?"

आता इथे आईची चूक काढू नका. मीसुद्धा सहा महिने तो फोन त्या ड्रॉवरमध्ये बघत होते आणि "करू कधीतरी" म्हणत होते. घरात फोनमधलं कळणारी मी. त्यामुळे चूक कुणाची असेल तर ती माझी.

आणि एक तपशील महत्त्वाचा आहे. बाबा चाकणला कंपनीत आहेत, मशीनवर काम. त्यांच्या बोटांचे ठसे फोनला कधी नीट लागायचेच नाहीत. हाताला तेल, ग्रीस, वर्षानुवर्षं घासलेली बोटं. पिन टाकायचा त्यांना कंटाळा. म्हणून त्यांनी लॉकच काढून टाकलं होतं. म्हणजे त्या फोनला दार होतं, पण कडी नव्हती.

डिस्प्ले गेला म्हणजे फोन मेला, असं आपण समजतो ना? ते अगदी चुकीचं आहे. डिस्प्ले म्हणजे घराची खिडकी. खिडकी फुटली म्हणून कपाटातले दागिने नाहीसे होत नाहीत. तुमचे फोटो, मेसेज, सगळं आतल्या बोर्डावरच्या मेमरी चिपमध्ये असतं. दुसरा डिस्प्ले लावला की फोन चालू.

आणि तसंच झालं. नऊ दिवसांनी मला सहज आठवलं म्हणून बाबांच्या नव्या फोनवर त्यांचं गूगल अकाउंट उघडलं. त्यात सिक्युरिटीमध्ये "तुमची उपकरणं" अशी यादी असते. कोणकोणत्या फोनवर, कॉम्प्युटरवर तुमचं अकाउंट चालू आहे, आणि शेवटचं कधी वापरलं गेलं. त्या यादीत बाबांचा जुना फोन होता. सहा महिने बंद असलेला. आणि शेवटचा वापर: काल रात्री. ठिकाण दाखवत होतं आमच्यापासून काहीशे किलोमीटर लांबचं एक शहर.

माझ्या पोटात गोळाच आला.

कारण त्या फोनच्या गॅलरीत काय होतं ते मला माहीत होतं. बाबांचं आधार कार्ड, दोन्ही बाजू. आईचं पॅन. पासबुकचं पहिलं पान, कारण कुठल्या तरी फॉर्मला लागलं होतं. माझ्या बारावीच्या मार्कशीटचा फोटो. मामाच्या मुलीच्या लग्नाचे पाचशे फोटो. आणि आमचे सगळ्यांचे नंबर, आई, ताई, जावई, अशा नावांनी सेव्ह केलेले. म्हणजे कुणी "जावई" नंबरवर फोन करून "मी सासऱ्यांच्या कंपनीतून बोलतोय, त्यांना अपघात झालाय, पैसे पाठवा" म्हणायला सगळं सामान तयार.

मग मी काय केलं ते सांगते, कारण ही वेळ तुमच्यावरही येऊ शकते. आणि यात क्रम महत्त्वाचा आहे. गडबडीत पहिली इच्छा होते ती त्या यादीतून फोन साइन आउट करायची. थांबा. आधी ते करू नका. साइन आउट केलंत तर मग लांबून तो फोन पुसता येत नाही, कारण गूगलचा त्या फोनशी असलेला धागाच तुटतो. आधी गूगलच्या फोन शोधायच्या सेवेत जायचं. पूर्वी तिला फाइंड माय डिव्हाइस म्हणायचे, आता फाइंड हब म्हणतात. तिथे तो फोन निवडायचा आणि इरेझ म्हणजे पुसून टाकण्याची आज्ञा द्यायची. फोन पुढच्या वेळी इंटरनेटला जोडला गेला की आपोआप पुसला जातो. ते झाल्यावर साइन आउट, पासवर्ड बदल, बाकीचं सगळं. आयफोनला हेच काम आयक्लाउडच्या फाइंड मायमधून होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो फोन पुसला गेल्याचं दिसलं. मग आम्ही बाबांच्या बँकेत जाऊन सांगितलं, यूपीआय पिन बदलला, आणि आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं. ती सोय आधारच्या वेबसाइटवर आणि अ‍ॅपमध्ये फुकट आहे. आजपर्यंत तरी काही गैरप्रकार झालेला नाही. पण त्या दहा दिवसांत ती गॅलरी कुणी बघितली, कशाची कॉपी काढली, हे मला कधीच कळणार नाहीये. टब अजून आहे. आई रोज वापरते.

एका मित्राने तेव्हा सल्ला दिला, सोपंय, चोरीला गेला म्हणून तक्रार दे, ब्लॉक होऊन जाईल. नाही! फोन आपण आपल्या हाताने दिलाय. खोटी तक्रार करायची नाही. ती सोय खरंच हरवलेल्या, चोरलेल्या फोनसाठी आहे. त्याबद्दल पुढे सांगते.

आता तुम्ही म्हणाल, हा एकच किस्सा. कुणी बिचाऱ्याने डिस्प्ले टाकून वापरला असेल, त्यात काय? असेलही. दारात येणारा प्रत्येक माणूस ठग आहे असं मी अजिबात म्हणत नाही, त्यातले बहुतेक जण पोट भरायला उन्हातान्हात फिरतात. पण ऑगस्ट २०२४ मधली एक घटना ऐका. तेलंगणात, आपल्या गडचिरोलीच्या पलीकडे, गोदावरीकाठी रामगुंडम आहे. तिथल्या सायबर पोलिसांनी बिहारच्या तिघांना पकडलं. त्यांच्याकडे गोण्या होत्या, आणि गोण्यांमध्ये सुमारे ४,००० जुने मोबाईल. गावोगाव फिरून स्वस्तात गोळा केलेले. पोलिसांचं म्हणणं असं होतं की हे फोन झारखंडातल्या जामतारा, देवघर भागातल्या सायबर ठगांकडे जाणार होते. दुरुस्त करायचे, सुटे भाग काढायचे आणि फसवणुकीचे कॉल करायला वापरायचे.

त्यांना जुनाच फोन का लागतो? कारण प्रत्येक फोनला आयएमईआय नावाचा पंधरा आकडी नंबर असतो. डायल पॅडवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबा, लगेच दिसेल. आत्ता दाबून बघा, मी थांबते. [हसते] दिसला? हा फोनचा स्वतःचा नंबर. सिम बदललं तरी तो तोच राहतो. आणि त्या नंबरवर आधी कुठलं सिम चाललं होतं याचा माग कंपन्यांकडे असतो. उद्या त्या फोनवरून कुणाला लुबाडलं आणि पोलीस माग काढत निघाले, तर वाटेत तुमचं नाव लागतं. तुम्ही निर्दोष आहात हे सिद्ध होईलही, पण त्याआधी चौकशी तुमच्या दारात. तेव्हा "साहेब, मी टब घेतला होता" हे सांगायला पावती कुठून आणणार?

म्हणून माझं सांगणं साधं आहे. जुना फोन टाकायचा असतो हे डोक्यातून काढा. फोन टाकला जात नाही, तो दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जातो. ते हात कुणाचे, हे तुम्ही ठरवायचं.

त्यात पहिला प्रश्न: फोन खरंच मेलाय का? आपल्याकडे निम्म्या वेळा फक्त बॅटरी उतरलेली असते. स्टेशनजवळच्या दुकानात बॅटरी बदलून मिळते आणि फोन अजून दोन वर्षं चालतो. केंद्राच्या ग्राहक खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर नावाचं पोर्टल सुरू केलं, त्यावर कंपन्यांची दुरुस्तीची माहिती, सर्व्हिस सेंटर, सुटे भाग असं एका ठिकाणी बघायला मिळतं. नवीन फोन घ्यायची हौस असते, मला पण आहे, पण हौसेला दुरुस्तीचं कारण देऊ नका.

फोन चालतोय पण तुम्हाला नकोय, तर घरात द्या, शेजारी द्या, विका. फक्त एक लक्षात ठेवा: फार जुना अँड्रॉइड, ज्याला सिक्युरिटी अपडेट यायचं बंद झालंय, तो आजीला बँकेसाठी नका देऊ. गाणी, रेडिओ, कीर्तनं, यूट्यूब, यासाठी द्या. माझ्या ओळखीतल्या एकाने असाच फोन गोठ्यात कॅमेरा म्हणून लावलाय. रात्री गाय व्यायला आली की घरातून दिसतं. मस्त काम.

विकताना मात्र पावती घ्या. दुकानाचं नाव, तारीख, आयएमईआय. ओळखीच्या माणसाला दिलात तरी एक व्हॉट्सअ‍ॅप मेसेज टाकून ठेवा, की हा आयएमईआय असलेला फोन आज तुला दिला. तेवढंच पुरतं. आणि तुम्ही जर सेकंड हँड घेणारे असाल, तर उलट्या बाजूने तपासा. मेसेजमध्ये केवायएम, मग स्पेस, मग तो पंधरा आकडी नंबर टाइप करून १४४२२ वर पाठवा. फोन काळ्या यादीत असेल तर उत्तरात कळतं. हे सरकारच्या संचार साथी व्यवस्थेचा भाग आहे, मे २०२३ मध्ये देशभर सुरू झाली. फोन खरंच चोरीला गेला तर पोलीस तक्रार करून त्याच पोर्टलवरून तो ब्लॉक करता येतो, आणि सापडला की पुन्हा उघडता येतो. दुकानदार म्हणाला "आयएमईआय बदलून देतो", तर तिथून निघा. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड आहे.

आता देण्याआधी करायची कामं. हे नीट ऐका, हवं तर लिहून घ्या, किंवा या पानाचा स्क्रीनशॉट काढा.

आधी फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप, नव्या फोनवर उघडून खात्री करा की खरंच आलंय. "बॅकअप पूर्ण झाला" या ओळीवर विश्वास ठेवू नका, एखादा जुना फोटो शोधून बघा. मग यूपीआय आणि बँकेची अ‍ॅप: नव्या फोनवर चालू झाली का? जुन्यातून लॉग आउट. ज्यांच्याकडे ओटीपीऐवजी कोड देणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप आहे, त्यांनी ते आधी हलवा, नाहीतर स्वतःच्याच अकाउंटच्या बाहेर अडकाल. माझ्या एका मैत्रिणीचं असं झालंय, तिला पंधरा दिवस लागले आत यायला.

मग सेटिंगमध्ये जाऊन गूगल अकाउंट काढा, आणि त्यानंतर फॅक्टरी रिसेट. हाही क्रम आहे. अकाउंट न काढता बटणं दाबून रिसेट मारला, तर पुढचा माणूस फोन चालू करताना गूगल जुना ईमेल आणि पासवर्ड मागतं. चोरांसाठी केलेलं कुलूप आहे ते. पण तुम्ही फोन चुलत भावाला दिला असेल तर तो रात्री साडेअकराला तुम्हाला फोन करून पासवर्ड विचारणार. आयफोनमध्ये तसंच, फाइंड माय बंद करायचं, अ‍ॅपल अकाउंटमधून बाहेर पडायचं, मग इरेझ.

आता लोक विचारतात, फॅक्टरी रिसेटने खरंच पुसलं जातं का? गेल्या काही वर्षांतले फोन डेटा मुळातच कुलूपबंद करून ठेवतात, आणि रिसेटमध्ये त्या कुलपाची किल्लीच नष्ट होते. त्यामुळे साधारण माणसाला काळजी नको. खूप जुना फोन असेल तर रिसेट करा, मग फालतू व्हिडिओ भरा, अगदी मेमरी संपेपर्यंत छताचं शूटिंग करा, आणि पुन्हा रिसेट करा. कंटाळवाणं आहे पण चालतं.

आणि सिम आणि मेमरी कार्ड! मेमरी कार्ड रिसेटने बहुतेक वेळा पुसलं जात नाही. ते काढून घ्या. किती लोक विसरतात याची कल्पना नाही तुम्हाला. शेवटी आयएमईआय लिहून ठेवा.

फोन सुरूच होत नसेल तर? आमच्यासारखा फक्त डिस्प्ले गेला असेल तर ओळखीच्या दुकानात समोर बसून तात्पुरता डिस्प्ले लावून रिसेट करून घ्या, थोडे पैसे घेतील, देऊन टाका. अगदीच मेला असेल तर गूगलच्या यादीत जाऊन पुसण्याची आज्ञा देऊन ठेवा. पण कृपा करून हातोडी नको! रील्समध्ये बघितलंय मी, लोक फोनवर हातोडी मारतात, ड्रिल मारतात. आत लिथियमची बॅटरी असते. तिला भोक पडलं की ती पेटते, आणि ती आग पाण्याने पटकन विझत नाही.

बॅटरीवरून आठवलं. आमच्या ड्रॉवरमधल्या उरलेल्या तीन फोनांपैकी एक टेबलावर ठेवला तर हलत होता. बोटाने फिरवला तर भोवऱ्यासारखा गोल फिरला. मागचं झाकण जरासं उचललेलं. ही फुगलेली बॅटरी. असा फोन दिसला तर चार्जिंगला लावून "बघूया चालू होतो का" करू नका. दाबून सपाट करायला जाऊ नका. मी तो एका पत्र्याच्या डब्यात, कोरडी वाळू घालून, बाहेर व्हरांड्यात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरला नेला. आईला वाटलं मी मोबाईलचं श्राद्ध घालतेय.

मुद्दा असा की अशी बॅटरी घंटागाडीत गेली तर? गाडीत कचरा दाबला जातो. डेपोत ढीग असतो. आणि मध्ये असतात हाताने कचरा वेगळा करणाऱ्या बायका. बॅटरी पेटली तर पहिली झळ त्यांना. आपण ओला-सुका करतो आणि आपलं कर्तव्य झालं म्हणतो, पण मोबाईल ओला पण नाही आणि सुका पण नाही. त्याचे नियमच वेगळे आहेत.

नियमांबद्दल थोडक्यात, कारण नियम ऐकायला कुणी पॉडकास्ट लावत नाही. भारतात ई-कचऱ्याचे पहिले नियम २०११ मध्ये आले, मग २०१६ मध्ये, आणि सध्या चालू आहेत ते २०२२ चे, १ एप्रिल २०२३ पासून लागू. त्यांचं सार असं की फोन बनवून विकणाऱ्या कंपनीवर जुन्या मालाची जबाबदारी आहे. ठरावीक प्रमाणात कचऱ्याचं रिसायकलिंग झालं हे नोंदणी असलेल्या रिसायकलरच्या प्रमाणपत्रांनी तिने दाखवायचं. आधी ६० टक्के, मग ७०, पुढे ८० असं वाढत जाणारं लक्ष्य आहे.

कागदावर छान आहे. आता प्रत्यक्ष. मी तो फुगलेला फोन आणि एक साधा बंद फोन घेऊन लोकलने गेले एका सर्व्हिस सेंटरला. काउंटरवरच्या मुलाला विचारलं, ई-वेस्ट घेता का? तो म्हणाला, "एक्सचेंज का?" मी म्हटलं, नाही, नुसता द्यायचाय, रिसायकलिंगला. तो आत गेला, कुणाला तरी विचारून आला, म्हणाला आमच्याकडे असं काही नसतं. मग मी फोनवर त्याच कंपनीची वेबसाइट उघडली, अगदी खाली, बारीक अक्षरात ई-वेस्टचं पान असतं, ते त्याला दाखवलं. मग टेबलाखालून एक पेटी निघाली. रिकामी. माझे दोन फोन बहुतेक पहिलेच असावेत. त्या मुलाचा दोष नाही. कुणी मागतच नाही म्हणून कुणी ठेवत नाही. तुम्ही मागा. वेबसाइटचं पान उघडून मागा.

दुसरा रस्ता रिसायकलरचा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वेबसाइटवर अधिकृत रिसायकलर आणि डिसमँटलरची यादी आहे, पुणे जिल्ह्यातलेही त्यात मिळतील. एका फोनसाठी कुणी घरी येणार नाही. पण शंभर फोनांसाठी येतात. पुणे शहरात राहणाऱ्यांचं बरंय, तिथे कचरावेचकांचीच "स्वच्छ" सहकारी संस्था आहे, ती जुन्या वस्तू आणि ई-कचरा गोळा करते. तिच्यामागे १९९३ पासूनची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना आहे. आमच्या पट्ट्यात मात्र थोडी नगरपरिषद, थोडी ग्रामपंचायत, पलीकडे देहूरोड कॅन्टोन्मेंट. जुना फोन कुणाच्या हद्दीतला, यावरच चहा संपतो.

मग फोन भंगारवाल्यालाच दिला तर बिघडलं काय? याचं उत्तर जरा नीट देते, कारण मला भंगारवाल्यांबद्दल वाईट बोलायचं नाहीये. आपल्याकडे रद्दी, पत्रा, बाटल्या वाया जात नाहीत ते त्यांच्यामुळेच. अडचण त्यांच्या पुढच्या टप्प्यात आहे. मोबाईलच्या बोर्डात सोनं असतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा एक हिशोब आहे: दहा लाख फोनांमधून सुमारे ३४ किलो सोनं, ३५० किलो चांदी, १५ किलो पॅलेडियम आणि जवळजवळ १६ टन तांबं निघतं. म्हणजे एका फोनमध्ये सोनं किती? साधारण ३४ मिलिग्रॅम. मणी पण होणार नाही. पण हजारो बोर्ड जमले की त्यासाठी माणूस धडपडतो. उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद, दिल्लीतलं सीलमपूर, इथे हे काम गल्लीबोळात चालत आलंय. बोर्ड शेगडीवर तापवून चिप सोडवायच्या, अ‍ॅसिडमध्ये बुडवून सोनं काढायचं, उरलेलं अ‍ॅसिड गटारात. हातमोजे नाहीत, मास्क नाही, आणि घरातली पोरंही हाताशी. मुरादाबादला हा सगळा मैला रामगंगेच्या काठावर. आपल्या एका बाजूला इंद्रायणी, दुसऱ्या बाजूला पवना. त्यांचे हाल आधीच काय आहेत हे तुम्ही आळंदीच्या फेसाचे व्हिडिओ बघून जाणताच.

तेच सोनं नीट काढता येतं की! टोकियो ऑलिंपिकची आठवण आहे? तिथली सुमारे ५,००० पदकं लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तूंमधून बनली. दोन वर्षांत ६२ लाखांच्या वर मोबाईल जमा झाले आणि सगळं मिळून ३२ किलो सोनं निघालं. नीरज चोप्राच्या भाल्याचं पदक पण त्यातलंच. आपल्या ड्रॉवरमधलाच ऐवज, फक्त जपानी ड्रॉवरमधला. आणि जगभरचं चित्र? २०२२ मध्ये सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला, त्यातला नोंद होऊन नीट रिसायकल झाला फक्त २२.३ टक्के.

तळेगावकरांना एक कळ अजून असेल. २०२२ मध्ये इथे चिप बनवायचा वेदांता-फॉक्सकॉनचा प्रकल्प येणार म्हणून जमिनींचे भाव बोलले जात होते, पोरं कोर्स शोधत होती. सप्टेंबरमध्ये तो गुजरातला गेला, आणि पुढच्या जुलैत फॉक्सकॉनने त्यातून अंग काढून घेतलं. नवी चिप इथे बनली नाही ते नाहीच, पण जुन्या चिप मात्र घरटी तीन-चार पडून आहेत.

म्हणून आम्ही काय केलं सांगते. फार मोठं काही नाही. आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या पोरांना सांगितलं, गणपतीत मांडवात एक खोका ठेवू. पण नुसता खोका ठेवायचा नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं, कारण त्यात कुणीतरी ट्यूबलाइट टाकली. मग टेबल, मी आणि दोन मुलं, रोज संध्याकाळी आरतीनंतर एक तास. फोन आणला की तिथल्या तिथे रिसेट करून द्यायचा, सिम-कार्ड काढून परत द्यायचं, आयएमईआय वहीत लिहायचा, सुट्ट्या बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावायची. दहा दिवसांत १९ फोन आले. मला दोनशेची अपेक्षा होती. पण त्यातले सात फोन आमच्या टेबलावर चालू झाले! त्यातले तीन लोकांनी परत घरी नेले. एका काकूंना त्यात त्यांच्या मुलाचे लहानपणीचे व्हिडिओ सापडले, त्या तिथेच खुर्ची ओढून बसल्या, आणि मग रांगेतल्या सगळ्यांनी ते व्हिडिओ बघितले.

उरलेले १६ फोन आम्ही चिंचवडच्या एका सोसायटीच्या ई-कचरा मोहिमेत नेऊन दिले, कारण त्यांची गाडी भरायचीच होती. त्यांनी रिसायकलरची पावती दिली. ती पावती मंडळाच्या फलकावर लावली, वर्गणीच्या हिशोबाशेजारी.

आता आमच्या ड्रॉवरमध्ये एकच फोन उरलाय. आजोबांचा नोकिया, बटणांचा. तो मी देणार नाहीये, इतक्यात तरी. त्यात आजोबांनी स्वतः टाइप केलेले मेसेज आहेत, सगळे इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत, सगळे कॅपिटलमध्ये, सगळ्यांखाली स्वतःचं पूर्ण नाव. ते उतरवून घ्यायचेत. अडचण एकच आहे, त्याला बारीक पिनचा चार्जर लागतो आणि तो आख्ख्या घोरावाडीत मिळाला नाही, तळेगावात पण नाही. जाड पिनचे दोन मिळाले. तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या ड्रॉवरमध्ये बारीक पिनचा नोकिया चार्जर असेल, तर फेकू नका, मला मेसेज करा. मी लोकलने येऊन घेऊन जाईन.